जड स्टिअरिंग

वळण नेहमीचंच होतं. औषधांच्या दुकानापाशी रस्त्याला डावीकडे गल्ली फुटते आणि गल्लीच्या तोंडाशीच एक लोखंडी खांब उभा आहे. गेली अकरा वर्षं तो या खांबाला मनातल्या मनात शिव्या घालत आणि त्याच्यापासून वीतभर अंतर राखत गाडी आत घालत आला होता. त्या दिवशीही त्याने वेग कमी केला, गाडी जराशी उजवीकडे फाकवली, दोन्ही हात स्टिअरिंगच्या माथ्यावर आणले आणि ओढलं. अर्ध्या वळणात त्याचा उजवा हात थांबला. दुखला म्हणून नव्हे. दुखत तर तो चार महिने होताच. हात नुसता थांबला, एखाद्या मजुराने पाटी खाली ठेवावी आणि आता पुरे म्हणावं तसा. गाडीचं तोंड खांबाला लागायच्या बेतात आणि शेपूट मोठ्या रस्त्यावर आडवी, अशी ती जुनी, उंच, चारही चाकांना इंजिनचा जोर असणारी डोंगरातली गाडी शहराच्या ऐन रहदारीत ठाण मांडून बसली. मागे हॉर्न सुरू झाले. एक स्कूटरवाला बाजूने जाता जाता म्हणाला, "काका, गाडी आहे की रणगाडा?" औषधवाला गिऱ्हाईक सोडून पायरीवर आला. गाडीत बसल्या बसल्या त्याने डाव्या हाताने ओढून पाहिलं. उभ्या गाडीचं स्टिअरिंग चालत्या गाडीपेक्षा तिप्पट जड असतं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यानेच ते आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलं होतं. मग एका हाताने, बोटभर पुढे, बोटभर मागे, असं नऊ वेळा करून त्याने गाडी आत घेतली. नऊ वेळा. गल्लीतल्या दोन गॅलऱ्यांमधून बायका बघत होत्या आणि त्यातली एकही हसली नाही, हे त्याला हसण्यापेक्षा जास्त लागलं.

गाडी जागेवर लावून तो आत तसाच बसून राहिला. इंजिन थंड होताना पत्रा टक टक वाजत होता. वीज खात्यात त्याला पैलवान म्हणत. आखाड्याचं तोंड त्याने कधी पाहिलं नव्हतं, पण डोंगरातल्या विजेच्या मनोऱ्यांवर गस्त घालणारी गाडी तो चालवायचा, आणि ज्या वळणांवर दुसरे ड्रायव्हर दोनदा मागे घेऊन वळायचे तिथे तो एका दमात वळायचा, म्हणून पैलवान. मनगटं त्याची खरोखरच दुसऱ्याच्या पोटऱ्यांएवढी होती. ते नाव त्याला इतकं आवडायचं, की कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर काहीतरी चुकलंय का, असं त्याला वाटे. डॉक्टर मात्र म्हणाले होते, खांदा गोठलाय, वय झालं की होतं, गरम पाण्याने शेकत जा. हे त्याने बायकोला सांगितलं नव्हतं. बायको मुलीकडे होती, आगगाडीने रात्रभराच्या अंतरावर. चार वर्षांपूर्वी ती एक बॅग घेऊन गेली होती, सहा महिन्यांसाठी, नात दीड वर्षाची होती म्हणून आणि मुलीची नोकरी होती म्हणून. सहा महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची चार. भांडण असं काही नव्हतं. भांडण असतं तर निदान मिटवता आलं असतं. ती रोज सकाळी सातला फोन करायची, आणि तो जागा झाला का, गोळी घेतली का, दूध नासलं का, जिन्यातला दिवा लागतो का, हे सगळं क्रमाने विचारायची. दवाखान्यात नंबर पुकारायची बावीस वर्षांची सवय तिच्या आवाजात होती. सगळं विचारून झालं की दोघं थोडा वेळ काहीच न बोलता फोन कानाला लावून बसत आणि मग ती म्हणे, "ठेवते."

गेल्या महिन्यात मात्र एका सकाळी ती जाता जाता म्हणाली होती, "आता ही मोठ्या शाळेत जाईल. दिवसभर शाळा. मग बघू माझं." बघू माझं, एवढंच. त्या दोन शब्दांवर त्याने तीन आठवडे काढले होते. गॅस पुसला, तिच्या कपाटाच्या दारातली खिळखिळी बिजागरी बदलली, गादी उन्हात टाकली. आणि स्टेशनवर आपण गाडी घेऊन जायचं, हे तर ठरलेलंच. ती गाडीला नावं ठेवील, चढताना गुडघे मोडतात म्हणेल आणि तरी त्याच्या बाजूला येऊन बसेल, हे चित्र त्याने इतक्या वेळा पाहिलं होतं की त्याच्या कडा झिजल्या होत्या. स्टेशनच्या आवारात असली तीन वळणं आहेत. पत्र्याची टकटक थांबली तेव्हा त्याने ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी तो मिस्त्रीकडे गेला.

मिस्त्रीची शेड शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्याला होती. वर पत्रा, खाली तेल पिऊन काळी झालेली जमीन, मधोमध माणूस उभा राहील असा खड्डा. मिस्त्री पंचावन्नचा, बारीक, तोंडाने अखंड बोलणारा. गाडीशी, पान्याशी, गिऱ्हाइकाशी एकाच सुरात बोलायचा, त्यामुळे उत्तर कुणी द्यायचं ते नीट कळत नसे. त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, स्टिअरिंगला हात घालून पाहिला आणि सोडून दिला. "एवढी वर्षं हेच ओढत होता? तुमचा खांदा नाही हो गेला, खांद्याने राजीनामा दिला." मग म्हणाला, पॉवर स्टिअरिंग बसवून टाकू. मोडीत निघालेल्या याच कंपनीच्या एका रुग्णवाहिकेचा स्टिअरिंग बॉक्स माझ्याकडे पडून आहे, पंपही तिचाच, इंजिनच्या पुढच्या पुलीवर पट्टा चढवू, दोन होज, तेलाच्या रबरी नळ्या, ओढू, चार दिवसांत गाडी लोण्यासारखी. "फक्त चासीला भोकं पाडावी लागतील, म्हणजे पट्टी वेल्ड करायला लागेल, तेवढंच जिवावर येतं बघा. जुनी चासी आहे." तो काही बोलला नाही. बोलायला हवं होतं. मिस्त्री खड्ड्यात उतरला होता आणि तारेच्या ब्रशने चासीची, गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याची, उजवी बाजू घासत होता, आणि तो वर उभा राहून त्या खरखरीचा आवाज ऐकत होता. ब्रश कुठे पोचला असेल हे त्याला न बघता कळत होतं. पुढच्या आडव्या पट्टीपासून हातभर. आणखी थोडं. आता.

"अरेच्चा," खड्ड्यातून आवाज आला. मग कानशीच्या टोकाने काहीतरी कोरल्याचा आवाज, आणि बुचासारखं काहीतरी खाली पडलं. "काका, खाली या जरा. अहो कंपनीनेच जागा ठेवलीय की! चार भोकं आहेत, अगदी मापात. कुणीतरी लांबी, ती रंगाऱ्याची पुट्टी, भरून बुजवलीत. वरून काळा रंग मारलाय. बघा तरी." तो खड्ड्यात उतरला. मिस्त्रीने दिवा धरला. चार भोकं होती, बोट जाईल एवढी, चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर, आणि त्यातल्या तीन भोकांत लांबी अजून घट्ट बसलेली होती, वरून इतकी सपाट घासलेली की नखाला शिवण लागू नये. चांगलं काम होतं. एकतीस वर्षांत त्यातला कणभरही भाग सुटला नव्हता. "कोण असेल हो हा शहाणा?" मिस्त्री म्हणाला. "खात्यातून लिलावात घेतलेली गाडी आहे," तो म्हणाला, "खात्यातच कुणीतरी भरली असतील." मिस्त्रीने मान हलवली. "खात्यातला माणूस एवढं नेटकं काम करतो होय? हे कुणीतरी घरच्या गाडीसारखं केलंय. मन लावून." आणि तो पुढचं भोक कोरायला लागला.

त्याला वर आल्यावर बसावंसं वाटलं. शेडमध्ये एका गाडीची काढून ठेवलेली मागची सीट होती, तिच्यावर तो बसला. हे त्याला आठवत नव्हतं असं नाही. पण आठवणं वेगळं आणि दिव्याच्या उजेडात बोटाला लागणं वेगळं. गाडी घेतली त्या वर्षी मुलगी तीन वर्षांची होती. ते डोंगराच्या पायथ्याशी खात्याच्या क्वार्टरमध्ये राहत. गाडी त्याची स्वतःची, हौसेची; सोमवार ते शनिवार तो खात्याच्या गाडीवर आणि ही दाराशी उभी. बायकोने लग्नाआधी नर्सिंगचा कोर्स केला होता, आणि त्या वर्षी वरच्या घाटमाथ्यावर आरोग्य केंद्र निघालं. चौदा किलोमीटर. तिथे नर्स हवी होती. बस एकच, तीही दुपारी वर जाणारी. एका संध्याकाळी मुलीला भरवता भरवता ती म्हणाली, "ही गाडी नुसती उभीच असते. मला शिकवा ना." तो हसला होता. पण शिकवायला नाही म्हणाला नाही. तो कुणालाच कधी नाही म्हणत नसे, ही त्याची ख्याती होती. रविवारी सकाळी ते मोकळ्या मैदानावर जात. मुलगी मागे बसून बाहुलीचे केस ओढायची. त्याने बायकोला पहिल्यांदा अंगठे शिकवले: अंगठे चाकाच्या आत घालायचे नाहीत, वरून ठेवायचे, दगडावर टायर आपटला की स्टिअरिंग उलटं फिरतं आणि अंगठा मोडतं. क्लच तिला अर्ध्या तासात आला, गिअर दुसऱ्या रविवारी. स्टिअरिंग मात्र वळेना. ती लहानखुरी, चाक तिच्या छातीएवढं. ओठ दाताखाली धरून ती ओढायची आणि गाडी आपली नाकासमोर. तो बाजूला बसून म्हणायचा, "अजून. ओढ अजून." तिसऱ्या रविवारनंतर तिचे खांदे सुजले, रात्री मिठाच्या पुरचुंडीने शेकताना तो तिच्या पाठीशी बसला होता, आणि त्याला तिची कणव येत होती, अगदी खरी, आणि त्याच्याखाली कुठेतरी बरंही वाटत होतं. ते बरं वाटणं त्याने त्या वेळी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

पाचव्या रविवारी ती सीटवरून अर्धी उठली. नुसत्या हातांनी होत नाही म्हटल्यावर तिने अंगाचा सगळा भार चाकावर टाकला, एकदा या बाजूने, मग त्या बाजूने, आणि मैदानाला गोल फेरी मारली. एक अख्खी फेरी. धुळीत तिच्या मागे एक वर्तुळ उमटलं, वेडंवाकडं पण बंद झालेलं. ती इतकी हसत होती की मागे मुलगीही उगाच हसायला लागली. तो "वा" म्हणाला. आणि परत येताना गाडी चालवत असताना त्याला वाटलं, आपण आपल्या खोलीत आहोत आणि कुणीतरी दार न वाजवता आत आलं आहे. का वाटलं असं? तो काही वाईट नवरा नव्हता. हात उगारला नाही, दारू नाही, पगार आणून हातावर ठेवायचा. पण घरात एक गोष्ट त्याला येत होती आणि दुसऱ्या कुणाला येत नव्हती, आणि त्या एका गोष्टीवर तो पैलवान होता. त्या आठवड्यात ती म्हणाली, "असं रोज उभं राहून घाट नाही चढता यायचा. हे हलकं नाही का करता येत? तुमच्या खात्यातल्या फिटरला दाखवू या की." तो म्हणाला, दाखवू या. गाडीबरोबर कंपनीचं जाडजूड पुस्तक आलं होतं, ते त्याने पाठ केलेलं होतं. त्यातल्या एका पानावर चासीचं चित्र होतं आणि चार भोकांवर बाण होते. फिटर रविवारी येणार होता. शनिवारी बायको मुलीला घेऊन बाजारात गेली. त्याने लांबी कालवली, भरली, वाळू दिली, पॉलिश पेपरने घासली, काळा रंग दिला, आणि रंग सुकल्यावर वरून ओली माती फासली. सगळ्याला मिळून दोन तास लागले. माणसाने एखादं काम किती मन लावून केलं यावरून ते चांगलं की वाईट हे कळत असतं तर सोपं झालं असतं. रविवारी फिटर गाडीखाली झोपला, बॅटरी मारून पाहिलं आणि कपडे झटकत बाहेर येऊन म्हणाला, "वहिनी, हिच्यात जागाच नाही ठेवलेली. चासी फोडावी लागेल, आणि चासी फोडली की गाडी पास होणार नाही." ती म्हणाली, "असू दे मग. चहा घेऊन जा." त्या सगळ्यात तो स्वतः एक शब्दही खोटं बोलला नव्हता. पुढे कित्येक वर्षं, कधी झोप मोडली की, तो हेच घोकत असे: आपण एक शब्दही खोटं बोललो नाही. आरोग्य केंद्रावर दुसरी बाई लागली. बायको पुढे खालच्या एका डॉक्टरांकडे नंबर पुकारायच्या कामाला लागली आणि तिथेच बावीस वर्षं राहिली. मैदानावर ती पुन्हा आली नाही. त्याने एकदा विचारलं होतं, येतेस का, तेव्हा म्हणाली, नको, ते माझं काम नाही.

चार दिवसांचे मिस्त्रीला पाच लागले. तो रोज बस बदलून शेडवर जायचा. घरी बसून करणार काय? त्या घरात दोन खोल्या होत्या आणि तो एका वेळी एकाच खोलीत असायचा, त्यामुळे दुसरी कायम रिकामी वाटायची. स्वयंपाकघरात गेलं की हॉल, हॉलमध्ये आलं की स्वयंपाकघर. शेडमध्ये निदान मिस्त्रीची टकळी होती. त्याने जुना स्टिअरिंग बॉक्स उतरताना पाहिला, लोखंडाचा गोळा, मिस्त्रीने तो दोन्ही हातांनी पोटाशी धरून बाजूला नेला. तिथेच जरा बाजूला रुग्णवाहिकेचा बॉक्स बसला, चार बोल्टांवर, कंपनीने ठेवलेल्या चार भोकांत, इतका चपखल की मिस्त्रीने बोल्ट आवळायच्या आधी हात काढून घेतला तरी तो जागचा हलला नाही. "वाट बघत होती बिचारी जागा," मिस्त्री म्हणाला. त्याला वाटलं, आता आपण याला सांगून टाकावं. अनोळखी माणूस आहे, दोन दिवसांनी विसरेल. पण अनोळखी माणसाला सांगून जे सुटतं ते आपलं ओझं नव्हेच, एवढं त्यालाही कळत होतं.

पाचव्या दिवशी तेलातली हवा काढायची होती. पुढची चाकं जॅकवर उचलून मिस्त्री तेलाच्या डब्यापाशी उभा राहिला आणि त्याला आत बसवलं. "पूर्ण डावीकडे. आता पूर्ण उजवीकडे. सावकाश. तेलात बुडबुडे यायचे थांबेपर्यंत." त्याने वळवलं. पंप आधी कण्हला, घुरघुरला, मग त्याचा सूर बारीक होत गेला. डावीकडे, उजवीकडे. एका बोटाने होत होतं. त्याने मुद्दाम करंगळी लावून पाहिली, करंगळीनेही होत होतं. नातीलाही जमलं असतं. वीस वेळा इकडे, वीस वेळा तिकडे, आणि प्रत्येक वेळी त्याला ओठ दाताखाली धरलेली ती दिसत होती. चेहरा तरुण, सीटवरून अर्धी उठलेली. हे एवढंच होतं तर. दोन तासांत भरलेल्या त्या लांबीच्या पलीकडे हे एवढंच होतं, आणि त्यावर बायकोचा घाट, तिची नोकरी, नर्सचा पांढरा गणवेश, सगळं अडकून राहिलं होतं. तो फिरवतच राहिला. "झालं, बस करा," मिस्त्री ओरडला, "किती फिरवता!"

रस्त्यावर मिस्त्री त्याच्या बाजूला बसला. पहिल्याच वळणावर त्याने सवयीने जोर लावला आणि गाडी अशी काही फिरली की चाक फुटपाथवर चढून एका बाकड्यापाशी थांबलं. बाकड्यावर कुणी नव्हतं म्हणून निभावलं. "काका, भांडू नका तिच्याशी," मिस्त्री छातीवर हात ठेवून म्हणाला, "नुसतं सांगा. ऐकते आता." त्याने नुसतं सांगितलं. गाडी ऐकत होती. पण आधी रस्ता त्याच्या तळहातात यायचा. खडी असो, डांबर असो, गटाराचं झाकण असो, चाकाखाली काय आहे ते त्याला हातांना कळायचं, गाडी सारखी काहीतरी म्हणत असायची आणि तो तिला उत्तर देत असायचा. आता हातात काही येत नव्हतं. घरात कुणी नसण्याची त्याला सवय झाली होती. आता गाडीतही कुणी नव्हतं. मिस्त्रीला शेडवर सोडून तो गल्लीत आला, खांबाच्या वळणावर एका हाताने वळला, आणि औषधवाल्याने दुकानातून अंगठा वर करून दाखवला. त्याने हसून मान हलवली आणि वर जाऊन अंधार पडेपर्यंत दिवा लावला नाही.

सकाळी सातला फोन आला. गोळी घेतली, दूध चांगलं आहे, जिन्यातला दिवा गेला होता, लावला. मग ती म्हणाली, "आवाज असा का येतोय?" तो म्हणाला, "गाडीचं स्टिअरिंग हलकं करून घेतलं. पॉवर स्टिअरिंग बसवलं." "तुम्ही?" ती म्हणाली. "का? खांदा?" चार महिने लपवलेलं तिने एका शब्दात ओळखलं. "थोडा धरलाय," तो म्हणाला. "हल्ली बसवतात जुन्या गाड्यांना." हे त्याने आधी ठरवलं नव्हतं, आपोआप तोंडातून आलं. आणि तिने ते आपणहून उचललं. "हल्ली निघालं असेल काहीतरी नवीन," ती म्हणाली. "तेव्हा नव्हतं. तेव्हा त्या फिटरने बघितलं होतं ना, बिचारा चिखलात झोपून." मग जरा खालच्या आवाजात, "बरं झालं करून घेतलंत. मी येईन म्हणते. हिची शाळा सुरू झाली की पंधरा दिवसांनी. हलकी झाली असेल तर न्यायला या स्टेशनवर, आता काही म्हणायची नाही मी तुमच्या गाडीला." एवढंच तर त्याला हवं होतं. चार वर्षं हेच हवं होतं. आता हो म्हणायचं, गाडीची वेळ विचारायची आणि फोन ठेवायचा, की झालं. तिने त्या फिटरला बिचारा म्हटलं नसतं तर त्याने तसं केलंही असतं.

"अगं," तो म्हणाला, "तेव्हाही होत होतं." त्याने फोन डाव्या कानाला घेतला. "चासीला भोकं होती. कंपनीचीच. पुस्तकात होती. मी बुजवली. फिटर यायच्या आदल्या दिवशी." बोलून झाल्यावर त्याला आपला श्वास फोनमधून उलटा ऐकू आला. तिकडे मागे नात कशासाठी तरी हट्ट करत होती आणि मुलगी तिला समजावत होती. "कशाने?" बायकोने विचारलं. "लांबीने. वरून रंग दिला." "मी कुठे होते?" "बाजारात गेली होतीस. पोरीला घेऊन." "हं," ती म्हणाली. तो वाट बघत राहिला. ती ओरडेल, रडेल, का केलंत म्हणून विचारेल, आणि मग तो सांगेल. का याचं उत्तर त्याने रात्रभर जुळवलं होतं, तोडकंमोडकं पण खरं. तिने का विचारलंच नाही. ती बोलली तेव्हा त्याच्याशी बोलतेय असं वाटेना. "मला वाटायचं, माझ्या अंगातच जोर नाही," ती म्हणाली. "मग मी कशाला हातच लावला नाही. डॉक्टर म्हणायचे, पुढची परीक्षा द्या, मी म्हणायचे, नाही झेपायचं." मग म्हणाली, "एकतीस वर्षं." नंतर नेहमीच्या आवाजात, "खांदा शेकत जा. ठेवते."

दुसऱ्या दिवशी सातला फोन आला नाही. आठला त्याने केला, वाजून वाजून बंद झाला. संध्याकाळी मेसेज आला, ठीक आहे, कामात होते. तिसऱ्या दिवशी तसंच. चौथ्या दिवशी त्याने सातला गोळी घेतली आणि घेतली असं मोठ्याने म्हणाला, मग त्याची त्यालाच लाज वाटली. गाडी खाली उभी होती, त्याने तिच्यावर ताडपत्री घातली. खरं सांगून मोकळं वाटतं असं लोक म्हणतात. मोकळं खरंच झालं होतं, सगळं घरच मोकळं झालं होतं. सातपासून सुरू होणारा दिवस आता कुठूनही सुरू होत होता आणि कुठेच जात नव्हता. तरी आपण सांगायला नको होतं, असं मात्र त्याला एकदाही वाटलं नाही. याचं त्याला नवल वाटत होतं, आणि दिवसभरात तेवढंच एक त्याला सोबतीला होतं.

दहाव्या दिवशी सकाळी साडेसातला फोन वाजला. मुलगी होती, ऑफिसच्या गडबडीतली. "बाबा, आई तुम्हाला सकाळी फोन करत नाही ना हल्ली? मला काल कळलं. मी म्हटलं, निदान सांगायचं तरी त्यांना. अहो, ती गाडी शिकायला जाते." "काय शिकायला?" "गाडी. ड्रायव्हिंग स्कूल. सात ते आठची बॅच मिळाली तिला. एकसष्टाव्या वर्षी! मी तर हसायलाच लागले, पण तिने परस्पर नाव घालून टाकलं होतं. काय डोक्यात आलं कुणास ठाऊक, एके दिवशी सकाळी फोन झाला तुमचा, त्यानंतर दिवसभर गप्प होती आणि संध्याकाळी म्हणाली, मी गाडी शिकणार. शिकवणारा म्हणतो, आजी जोर फार लावतात, स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरतात, त्यांना आधी सोडायला शिकवावं लागतंय. काल मोठ्या रस्त्यावर घातली म्हणे. आल्यावर दोन कप चहा प्यायली." तो ऐकत होता. मुलीला काही ठाऊक नव्हतं, हे तिच्या आवाजावरून कळत होतं. बायकोने तिला सांगितलं नव्हतं, आणि हे तिने त्याच्यासाठी केलं की त्याच्याबद्दल बोलायलाच नको म्हणून केलं, ते कळायला मार्ग नव्हता. "इकडे यायचं म्हणत होती ना ती," त्याने विचारलं, "शाळा सुरू झाल्यावर?" "तसं काही बोलली नाही हो," मुलगी म्हणाली, "लायसन्सची परीक्षा आहे ना दीड महिन्याने. आणि शाळेतून हिला मीच आणणार म्हणते, गाडीने. तुम्ही बरे आहात ना? तुमचा काही निरोप देऊ का तिला?"

निरोप द्यायचा तर पुष्कळ होता. चाळीस वर्षं त्याने गाडी चालवली होती. त्याच्या हाताखाली शिकलेले ड्रायव्हर अजून त्याचं नाव काढत. चढावर गाडी कशी धरायची, चिखलात चाक फसलं तर काय करायचं, वळणाच्या किती आधी हात उचलायचे. पण त्याला येत होतं ते सगळं जड गाडीचं होतं. तिथल्या त्या लहान, हलक्या गाडीत, बोटाने वळणाऱ्या स्टिअरिंगवर, त्यातलं काहीच तिच्या कामाचं नव्हतं. "नको," तो म्हणाला, "काही नको सांगूस. शिकू दे तिला." मुलगी बरं म्हणाली, खांद्याला जपा म्हणाली आणि घाईने फोन ठेवला. आठ वाजायला वीस मिनिटं होती. ती अजून गाडीत असेल. आठ वाजेपर्यंत तो जागचा हलला नाही.